गॉटलिबचे १९६५ चे पिनबॉल यंत्र: गुणांची चाके शून्यावर थांबत नाहीत, डावा फ्लिपर अशक्त आहे. दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी?

शिकागोवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या शेजाऱ्यांनी घर विकताना तळघरात कित्येक वर्षे झाकून ठेवलेले पिनबॉलचे यंत्र मला देऊन टाकले. गॉटलिब कंपनीने १९६५ मध्ये येथेच, शिकागोत, तयार केलेले ‘किंग्ज अँड क्वीन्स’ हे ते यंत्र. ते एका खेळाडूसाठीचे आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड मुळीच नाही. गुण मोजण्यापासून चेंडू परत देण्यापर्यंतचे प्रत्येक काम रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), सोलेनॉइड (वीज मिळाल्यावर लोखंडी दांडा ओढणारी तारेची गुंडाळी, म्हणजेच कॉइल), दातेरी चाके आणि पेटीच्या तळाशी फिरणारी एक मोटर मिळून करतात. पेटीचे लाकूड कोरडे आहे, तारा उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत आणि प्लग लावल्यावर दिवेही लागतात. हे यंत्र शोभेसाठी ठेवायचे नसून घरातल्या मुलांनी त्यावर खेळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचणी तीन आहेत. खेळ सुरू करण्याचे बटण दाबले की तळाची मोटर फिरू लागते, मागच्या उभ्या पेटीतील गुणांची चाके खडखडत शून्याकडे जातात, पण तेथे पोचल्यावरही खडखडाट थांबत नाही आणि शेवटी मला प्लग काढावा लागतो. दुसरी अडचण अशी की उजवा फ्लिपर (बटण दाबल्यावर चेंडू टोलवणारी दांडी) जोरात उडतो, डावा मात्र अर्ध्यापर्यंत उठतो आणि बटण दाबून ठेवले तर गुणगुणत राहतो. तिसरी म्हणजे, चाके हाताने शून्यावर आणून खेळ कसाबसा सुरू केला, तर चेंडूंची मोजणी कधी कधी एकाऐवजी दोन घरे पुढे सरकते.

एका परिचितांचा सल्ला असा आहे की सर्व हलत्या भागांवर तेल फवारावे, सर्व स्विचांच्या पत्त्या (धातूच्या लवचिक पट्ट्या) थोड्या थोड्या वाकवून जवळ आणाव्यात आणि डाव्या फ्लिपरची कॉइल बदलून टाकावी. एवढ्या सगळ्या भागांना एकाच वेळी हात लावायला मन धजावत नाही. कोणत्या क्रमाने तपासणी करावी, आणि पत्त्या किती अंतरावर असाव्यात हे डोळ्यांनी कसे ओळखावे, याचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि सोल्डरिंग करता येते.

---

रिले आणि रॅचेट यांचे उत्तर

आपले मन धजावत नाही तेच बरे आहे. या यंत्रात शेकडो पत्त्या असतात आणि त्यांतील बहुतेक आजही कारखान्यात बसवल्या तशाच योग्य जागी असतात. दोष एका ठिकाणी असताना शंभर पत्त्या वाकवल्या, तर मूळ दोष सापडत नाहीच, शिवाय शंभर नवे दोष तयार होतात. पत्ती ही आपणहून हलत नाही. तिला कोणता तरी रिले, कॅम (उंचवटे असलेली फिरती चकती) किंवा चाकावरचा उंचवटा हलवतो. म्हणून माझा नियम असा, की आधी हलवणारी यंत्रणा मोकळी आणि घट्ट बसलेली आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच, गरज उरली तर, पत्तीला हात लावावा.

तेल तर मुळीच नको. फ्लिपरचा प्लंजर (कॉइल आत ओढते तो दांडा) ज्या नळीतून सरकतो ती नळी कोरडीच असावी लागते. तेल गेले की त्यात धूळ आणि धातूची पूड मिसळून काळा चिकट लगदा होतो आणि प्लंजर अधिकच अडखळतो. फवाऱ्याचे तेल ज्वलनशील असते, आणि या यंत्रात प्रत्येक स्विचवर बारीक ठिणगी पडत असते, हेही विसरू नये.

काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठ्याकडे पाहा. फ्लिपर आणि रिले यांना ट्रान्सफॉर्मरमधून साधारण २५ व्होल्ट एसी मिळते, पण ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या भागात भिंतीतले पूर्ण १२० व्होल्ट असतात. त्या काळच्या अनेक यंत्रांना दोन पिनांचीच वायर असे. आपल्या यंत्रालाही तशीच असेल, तर तीन पिनांची वायर बसवून अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या बैठकीला, नाणी टाकण्याच्या दाराला आणि बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना जोडा. मुले खेळणार आहेत, म्हणून हे काम पहिले. फ्यूज नेहमी यंत्रातल्या कागदावर लिहिलेल्या क्षमतेचाच वापरा.

आता खडखडाटाकडे वळू. खेळ सुरू करताना रीसेटचा रिले लागतो, तळाची स्कोअर मोटर फिरू लागते आणि तिच्यावरचे कॅम ठरावीक अंतराने गुणांच्या चाकांच्या कॉइलना पल्स (विजेचे क्षणभराचे झटके) पाठवतात. प्रत्येक चाकावर एक ‘शून्य-स्विच’ असतो. चाक शून्यावर आले की त्याचा उंचवटा हा स्विच उघडतो आणि त्या चाकाला मिळणारे पल्स बंद होतात. सर्व चाकांचे शून्य-स्विच उघडले, की रीसेटचा रिले सुटतो आणि मोटर थांबते. तेव्हा मोटर थांबत नाही याचा अर्थ कोणते तरी एक चाक ‘मी शून्यावर आलो’ असे सांगत नाही आहे. ते चाक शोधणे एवढेच पहिले काम.

मागच्या पेटीचे दार उघडा, एखाद्याला बटण दाबायला सांगा आणि एकं, दहं, शतं या चाकांच्या यंत्रणांकडे मागून नीट पाहा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ हे चालू देऊ नका, कारण या कॉइल क्षणभराच्या पल्ससाठी बनवलेल्या असतात आणि सतत वीज मिळाली तर तापून त्यांच्यावरचा कागद तपकिरी होतो. पाहताना तीनपैकी एक गोष्ट दिसेल. चाक शून्य दाखवत असूनही त्याची कॉइल ठोके देत असेल, तर शून्य-स्विच उघडत नाही. चाक भलत्याच आकड्यावर अडकून त्याची कॉइल गप्प असेल, तर वीज तिथवर पोचत नाही. अशा वेळी स्विच, तार किंवा मागची पेटी आणि खालची पेटी यांना जोडणारा चौकोनी प्लग तपासावा. तो प्लग दोनचार वेळा काढून घातला तरी त्याच्या पिना बऱ्याच स्वच्छ होतात. आणि कॉइल ठोके देत असूनही चाक पुढे जात नसेल, तर दोष निव्वळ यांत्रिक आहे.

हा तिसरा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. कॉइलला वीज मिळाली की प्लंजर आत ओढला जातो आणि त्याला जोडलेली खिट्टी एक दाता मागे जाऊन बसते. वीज गेली की स्प्रिंग ती खिट्टी परत खेचते आणि या परतीच्या हालचालीत चाक एक आकडा पुढे जाते. म्हणजे चाक प्रत्यक्षात फिरवते ती स्प्रिंग, वीज नव्हे. साठ वर्षांत आसावरचे ग्रीस सुकून घट्ट झाले असेल तर वीज कितीही जोरात ओढो, परत येताना त्या बारीक स्प्रिंगचा जोर पुरत नाही आणि चाक दोन आकड्यांच्या मध्येच लटकते. याची परीक्षा सोपी आहे. प्लग काढून प्लंजर बोटाने आत ढकला आणि अगदी सावकाश सोडा. बोटाला न अडखळता तो परत आला आणि चाक ‘टक्’ असा आवाज करून नेमके एक घर सरकले, तर यंत्रणा ठीक आहे. परत येताना रेंगाळला, तर ती यंत्रणा चौकटीतून उतरवा, प्रत्येक तारेची जागा आधी छायाचित्रात टिपून ठेवा, खिट्टी आणि आस आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुने ग्रीस पूर्ण निघेपर्यंत पुसा आणि बहुतेक ठिकाणी कोरडेच परत बसवा. स्प्रिंग ताणून आखूड करण्याचा मोह टाळा. यंत्रणा स्वच्छ झाली की मूळ स्प्रिंगच पुरते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

फ्लिपरचा दोष आपल्या वर्णनावरूनच बराचसा ओळखता येतो. फ्लिपरच्या कॉइलमध्ये एकाच नळीवर दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेची, कमी रोधाची, जोराची, आणि बारीक तारेची, जास्त रोधाची, धरून ठेवणारी. फ्लिपर खाली असताना हालचालीच्या टोकाला असलेला स्विच बंद असतो आणि बारीक गुंडाळीला वळसा घालून सगळी वीज जाड गुंडाळीतून जाते, म्हणून फ्लिपर झटक्याने उडतो. वर पोचताच फ्लिपरचीच दांडी तो स्विच उघडते, दोन्ही गुंडाळ्या एकापुढे एक येतात, वीज एकदम कमी होते आणि बटण दाबून ठेवले तरी कॉइल जळत नाही. हा स्विच काजळीमुळे जोडलाच जात नसेल, किंवा पत्त्या दूर गेल्यामुळे कायमचा उघडा असेल, तर फ्लिपरला सुरुवातीपासून धरून ठेवण्यापुरतीच वीज मिळते आणि तो अर्ध्यावर गुणगुणतो. आपली लक्षणे अगदी हीच आहेत.

खात्री करण्यासाठी प्लग काढून मल्टिमीटर कॉइलच्या बाहेरच्या दोन टोकांवर लावा. स्विच नीट जोडलेला असेल तर मीटर अगदी थोडे ओहम दाखवेल. आता स्विचच्या दोन पत्त्यांमध्ये कागदाची पट्टी सरकवा. आकडा उडी मारून कितीतरी वर गेला पाहिजे. कागद घातला काय आणि काढला काय, आकडा मोठाच राहत असेल, तर स्विच वीज वाहत नाही आणि कॉइल निर्दोष आहे. जी कॉइल आपले परिचित बदलायला सांगत आहेत, ती बहुधा आणखी साठ वर्षे चालेल.

या स्विचचे पॉइंट (पत्त्यांवरचे एकमेकांना टेकणारे ठिपके) टंगस्टनचे असतात, त्यामुळे येथे बारीक दातांची कानस वापरावी लागते. पॉइंट समोरासमोर सपाट आणि चकचकीत दिसेपर्यंत घासा. त्यानंतर अंतर लावा. फ्लिपर पूर्ण वर असताना पत्त्यांमध्ये साधारण दीड ते तीन मिलिमीटर फट हवी, आणि ती हालचालीच्या अगदी शेवटी पडली पाहिजे. फट लवकर पडली तर फ्लिपर पुन्हा अशक्त होतो. फट पडलीच नाही तर जाड गुंडाळीत वीज वाहत राहते आणि मग मात्र कॉइल खरोखर जळते. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे, म्हणून घाई न करता केसभर केसभर बदल करून पाहावे.

फ्लिपरची एकूण सैलपणाची परीक्षाही याच वेळी घ्या. फ्लिपरचे टोक दोन बोटांत धरून हलवा आणि खाली प्लंजरकडे पाहा. प्लंजर न हलता टोक बरेच हलत असेल, तर लिंकची (प्लंजर आणि फ्लिपर यांना जोडणाऱ्या पट्टीची) भोके लांबट झाली आहेत आणि वीज कितीही दिली तरी तो सैलपणा जोर खाऊन टाकील. प्लंजरचे टोक ठोके खाऊन पसरले असेल तर त्याची कड नळीला घासते. प्लंजर, लिंक, नळी, कॉइल स्टॉप (प्लंजर आत येऊन ज्याला टेकतो तो तुकडा) आणि स्प्रिंग हा संच एकत्र बदलणेच श्रेयस्कर. काही जण अशा वेळी ट्रान्सफॉर्मरची तार जास्त व्होल्टेजच्या टॅपवर (जोडणीच्या टोकावर) लावतात. गॉटलिबने ती सोय कमी दाबाच्या वीजपुरवठ्यासाठी दिली होती. झिजलेल्या भागांवर तिचा उपाय केला तर झीज वाढते.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. विजेवर चालणारा फ्लिपर ही कल्पना पिनबॉलमध्ये प्रथम आली ती गॉटलिबच्याच १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. हॅरी मॅब्ज यांनी रचलेल्या त्या यंत्राला सहा फ्लिपर होते. त्याआधी चेंडू सोडला की खेळणाऱ्याच्या हाती यंत्राला हलकेच धक्के देण्यापलीकडे काही उरत नसे. आपल्या हातात आहे ते यंत्र वेन नेयन्स यांच्या रचनेचे, त्याच घराण्यातले आहे, आणि त्याचे दोन इंची आखूड फ्लिपर जोरात नसतील तर त्या रचनेतली सगळी मौज निघून जाते. म्हणून फ्लिपरवर वेळ खर्च करायला संकोच करू नका.

---

स्ट्रोजरचा कारागीर यांचे उत्तर

मी पिनबॉलचे यंत्र दुरुस्त केलेले नाही, परंतु माझ्या नोकरीचा मोठा काळ मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये स्ट्रोजर पद्धतीच्या (फोन आपोआप जोडून देणाऱ्या) यंत्रणेवर गेला आहे आणि वरील वर्णन वाचताना प्रत्येक भाग ओळखीचा वाटला. स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या पद्धतीतही एक कॉइल, एक खिट्टी, एक दातेरी चाक आणि अर्धगोल मांडलेल्या संपर्कबिंदूंवर फिरणारे बोट हेच सारे काही होते. ग्राहकाने डायल फिरवला की जेवढे पल्स येत तेवढी घरे ते बोट चढे. आपल्या यंत्रातील चेंडू मोजणारे स्टेपर हे त्याचेच लहान रूप आहे. त्यामुळे पत्त्यांबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रश्नातील ‘डोळ्यांनी कसे ओळखावे’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

पत्त्यांच्या गठ्ठ्याला हात लावण्याआधी त्याचे दोन स्क्रू घट्ट करा. पत्त्यांमधले फायबरचे तुकडे वर्षानुवर्षे सुकून आक्रसतात आणि गठ्ठा सैल होतो. सैल गठ्ठ्यात लावलेले अंतर दुसऱ्या दिवशी राहत नाही. केवळ स्क्रू आवळल्याने पत्त्या आपल्या जागी परत आलेल्या मी असंख्य वेळा पाहिल्या आहेत. ज्या स्क्रूच्या बाजूला तारेचे टोक आहे, तो आवळताना मात्र टोक फिरून शेजारच्या टोकाला टेकणार नाही याकडे लक्ष ठेवा.

त्यानंतर स्वच्छता. रिलेचे पॉइंट चांदीचे असतात आणि चांदी मऊ असते. वर सांगितलेली कानस फक्त टंगस्टनसाठी. ती चांदीवर चालवली तर पॉइंटच निघून जाईल, आणि पॉलिश पेपरची रेती चांदीत रुतून बसते. जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याची, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची, बोटभर पट्टी कापा, तिला अल्कोहोलचा थेंब लावा, पॉइंटांमध्ये ठेवा, रिलेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पॉइंट मिटवा आणि पुठ्ठ्याची पट्टी बाहेर ओढा. पट्टीवर राखाडी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत पट्टीची जागा बदलत हेच करा. फारच डाग असतील तर या कामासाठी मिळणारा लवचिक घासदगड एकदोनदा फिरवावा, त्याहून अधिक नाही.

याच पट्टीने दाबाचीही परीक्षा होते. मिटलेल्या पॉइंटांमधून पट्टी ओढताना बोटाला स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. ती सहज निसटली, तर पॉइंट टेकलेले दिसत असूनही त्यांच्यात दाब नाही, आणि असा स्विच कधी वीज वाहतो, कधी वाहत नाही. पॉइंट टेकल्यानंतर हलणारी पत्ती स्थिर पत्तीला आणखी किंचित पुढे ढकलते, हे बाजूने दिव्याच्या उजेडात पाहावे. स्थिर पत्ती किंचितही हलली नाही तर स्विच काठावर आहे असे समजावे. टेकल्यानंतरच्या या जादा प्रवासातच पॉइंट एकमेकांवर घसरून स्वतःला साफ करतात. रिलेच्या साध्या स्विचला उघड्या स्थितीत सुमारे एक मिलिमीटर फट आणि मिटताना त्याच्या निम्म्याइतका जादा प्रवास, एवढ्यावर मी थांबेन.

बदल करावाच लागला तर पत्ती वाकवण्याचे खाचेचे हत्यार गठ्ठ्याजवळ, पत्तीच्या मुळाशी लावावे आणि हलका पीळ द्यावा. चिमट्याने पत्ती मध्येच वाकवली तर तिथे कायमची घडी पडते आणि तिचा ताण निघून जातो. रिलेने ढकलली जाणारी लांब पत्ती शक्यतो तशीच ठेवून तिच्या समोरची आखूड पत्ती हलवावी, कारण एका पट्टीने एकाच वेळी चारपाच लांब पत्त्या ढकलल्या जातात आणि त्यांतील एक पुढेमागे झाली की सर्वांचा मिटण्याचा क्रम बिघडतो. स्कोअर मोटरच्या कॅमवरील पत्त्यांना तर दोष सिद्ध झाल्याशिवाय स्पर्शही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन; तेथे कोणता स्विच कोणाच्या आधी मिटतो यावर सगळा खेळ चालतो.

---

पुण्याचा वाचक यांचे उत्तर

मूळ प्रश्नाला जोडून विचारतो. माझे बंधू अमेरिकेतून परत येताना असेच एक यंत्र पुण्याला आणणार आहेत. २३० व्होल्टचे ११५ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे पुरे का?

---

रिले आणि रॅचेट यांचे उत्तर

व्होल्टेजपुरते पुरे, पण फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतील यंत्र ६० हर्ट्झसाठी बनवलेले असते आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे स्कोअर मोटर पाचषष्ठांश वेगाने फिरेल. सर्व पल्स तिच्याच कॅमवरून निघत असल्याने त्यांचा आपसांतील क्रम बिघडत नाही; पन्नास गुणांचे पाच ठोके फक्त किंचित सावकाश पडतात. खरी काळजी उष्णतेची. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह सुमारे २० टक्के वाढतो आणि एसीवर चालणाऱ्या कॉइल अधिक वीज ओढून अधिक गुणगुणतात. ११५ ऐवजी १०० व्होल्टच्या आसपास देणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर हा ताण बराच उतरतो. तो यंत्राच्या गरजेच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, आणि पहिल्या तासाभराच्या खेळानंतर आतल्या ट्रान्सफॉर्मरला, प्लग काढून, हात लावून पाहा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर व्होल्टेज आणखी कमी करावे. त्या काळी युरोपात पाठवलेल्या यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरला तिकडच्या व्होल्टेजचे टॅप असत. तसे यंत्र मिळत असेल तर ते अधिक सोयीचे.

---

शिकागोवासी यांचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. शतं चाक शून्य दाखवत असतानाही त्याची कॉइल ठोके देत होती. शून्य-स्विचच्या गठ्ठ्याचे दोन्ही स्क्रू इतके सैल होते की बोटाने फिरले. ते आवळल्यावर चाकाचा उंचवटा आता पत्तीला नीट उचलतो, आणि बटण दाबले की चाके शून्यावर येऊन मोटर थांबते. एकाही पत्तीला वाकवावे लागले नाही. तीन पिनांची वायर आणि अर्थिंगही बसवून घेतले आहे.

डाव्या फ्लिपरच्या स्विचमध्ये कागद घालून आणि काढून मीटरचा आकडा मोठाच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष ठरली. पॉइंट काळेठिक्कर होते. कानशीने सपाट केल्यावर फ्लिपर उजव्याच्या बरोबरीने उडू लागला. प्लंजरचे टोक पसरलेले दिसल्याने दोन्ही बाजूंचे संच मागवले आहेत. डावे बटण दाबून ठेवले की गुणगुण मात्र अजूनही उजव्यापेक्षा जास्त येते.

चेंडूंची मोजणी अद्याप कधी कधी दोन घरे जाते. त्या स्टेपरच्या गोल तबकडीवर पितळी रिव्हेटांच्या ओळी आहेत आणि त्यांवर तपकिरी, मेणासारखा थर आहे. तो उघडण्यापूर्वी विचारावे असे वाटले.

---

रिले आणि रॅचेट यांचे उत्तर

गुणगुण नवा संच बसवल्यावर बहुधा जाईल. एसीवर चालणाऱ्या कॉइलच्या स्टॉपच्या तोंडात तांब्याची एक कडी बसवलेली असते. एसीचा प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येतो, तेव्हा ही कडी प्लंजरला धरून ठेवते. ती सैल झाली असेल किंवा प्लंजरचे तोंड स्टॉपवर सपाट टेकत नसेल, तर प्लंजर थरथरतो आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. नवा स्टॉप घेताना तो एसीसाठीचाच आहे ना, हे विक्रेत्याला विचारा. नंतरच्या डीसी यंत्रांसाठीचा स्टॉप दिसायला तसाच असतो, पण त्यात कडी नसते. कॉइलची चौकट लाकडाला धरणारे स्क्रूही आवळा.

स्टेपर उघडण्यापूर्वी दोष यांत्रिक आहे की विजेचा, हे ठरवा. प्लग काढून मोजणीच्या कॉइलचा प्लंजर हाताने पूर्ण आत ढकला आणि सोडा, आणि तबकडीवरची बोटे प्रत्येक वेळी नेमक्या पुढच्या रिव्हेटवर जातात का ते पाहा. हाताने अधूनमधून दोन घरे गेली, तर रोखून धरणारी खिट्टी दात्यात वेळेवर बसत नाही. ग्रीस घट्ट झाल्याने ती रेंगाळते, किंवा तिची बारीक स्प्रिंग सुटलेली असते. हाताने नेहमी एकच घर जात असेल, तर कॉइलला दोन पल्स मिळत आहेत. मग चेंडू जेथे खाली पडतो त्या खाचेतील स्विच पाहावा. चेंडू त्यावर उसळून स्थिरावतो तेव्हा पत्ती काठावर असेल तर ती मिटते, उघडते आणि पुन्हा मिटते. स्ट्रोजरच्या कारागिरांनी सांगितलेला जादा प्रवास येथे नक्की तपासा.

आपण सांगितलेला तपकिरी थर पाहता मला खिट्टीचाच संशय अधिक आहे. तबकडीवरील बोटे काढण्यापूर्वी ती ज्या रिव्हेटवर आहेत तिथे बारीक पेनाने खूण करा आणि प्रत्येक बाजूने छायाचित्र घ्या. बोटे अर्धे घर फिरून बसली तर दिवे आणि मोजणी यांची सांगड तुटते. जुना थर अल्कोहोलने भिजवून पुसा, नंतर रिव्हेटांवर घासणीचा मऊ हिरवा तुकडा हलकेच फिरवून पितळ उजळवा आणि धूळ पूर्णपणे पुसून काढा. एवढ्या एकाच जागी मी वंगण लावतो: सिंथेटिक ग्रीसचा इतका पातळ हात, की पुसल्यावर दिसूही नये. तो रिव्हेटांची झीज थांबवण्यासाठी असतो. आस आणि खिट्टी कोरडी ठेवा.

या स्टेपरला मागे फिरवणारी गोल कमान (स्प्रिंग) असते. स्वच्छ करताना ती सुटली तर एकदम उलगडते, म्हणून चाक बोटाने धरूनच स्क्रू सोडा आणि तिला किती वेढे होते ते मोजून ठेवा. परत बसवताना ताण इतकाच असावा की रोखणारी खिट्टी उचलताच चाक शेवटच्या घरातून न अडखळता पहिल्या घरापर्यंत जाईल. अर्धा वेढा जास्त दिला तर पुढे नेणाऱ्या कॉइलला ओढणे जड जाते आणि मोजणी एखादे घर चुकवू लागते; म्हणून अर्ध्या अर्ध्या वेढ्याने वाढवत, दर वेळी सर्व घरे हाताने पुढे नेऊन आणि सोडून पाहा.

हे झाल्यावर प्लेफील्डचा (चेंडू फिरतो त्या फळीचा) उतार मोजायला विसरू नका. त्या काळच्या यंत्रांसाठी तो साधारण साडेतीन अंश असतो. पायांचे स्क्रू फिरवून तो लावा, आणि डावीउजवी पातळी काचेवर न पाहता प्रत्यक्ष प्लेफील्डच्या लाकडावर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा, कारण पेटी आणि आतले लाकूड अनेकदा एका पातळीत नसतात. टिल्टचा (यंत्र जोरात हलवल्यास खेळ थांबवणाऱ्या स्विचचा) लोंबता लोलक सर्वांत शेवटी, पायांना आणखी हात लावायचा नाही असे ठरल्यावर, कडीच्या मधोमध आणावा.